एका डोळ्याची गाडी

आमच्या घरात एका डोळ्याचे दोघे होते. एक सासरे आणि दुसरी त्यांची गाडी. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, गाडीचा डावा हेडलाइट गेला होता, आणि आपल्याला काही झालंय हे दोघांनाही मान्य नव्हतं.

सासऱ्यांचं नाव मी सांगणार नाही. सासूबाईंचंही नाही. आमच्याकडे सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नसतात. सहा वर्षांत ती माझ्या जिभेवर कधी आली नाहीत, मग आता लिहिताना तरी कशाला आणू? त्यांनीही माझं कधी घेतलं नाही म्हणा. सासूबाई मला 'पोरी' म्हणतात. सासरे 'सूनबाई' म्हणतात आणि रागात असले की नुसतं 'ही'. माझं नाव जिपार. कोच्कोरच्या अलीकडे सारी-बुलाक म्हणून गाव आहे, तिथल्या दवाखान्यात मी नर्स आहे.

गाडी जर्मन, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. सासऱ्यांनी एकतीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आणि मग ही घेतली. तिच्यावर त्यांचा इतका जीव, की थंडीत तिच्यावर लोकरीचा जाड नमदा आणि आमच्या अंगावर पातळ रजया. वसंतात डॉक्टरांनी डोळा तपासून सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की म्हातारा अंगणातच गाडीत जाऊन बसायचा, इंजिन चालू करायचा, पाच मिनिटं कान लावून ऐकायचा आणि बंद करून परत यायचा. किल्ली त्याच्या उशाशी, खिळ्याला, त्यावर टोपी. म्हणजे कुणाला दिसायलाही नको.

ऑगस्टमध्ये मला लायसन्स मिळालं. नवरा रशियात बस चालवतो, त्याला फोन केला तर तो आनंदानं ओरडला आणि लगेच म्हणाला, "पण बाबांशी वाद घालू नकोस हं." सासूबाईंनी लायसन्स हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मेंढीच्या शेपटाच्या चरबीत अंगठा बुडवून माझ्या फोटोच्या कपाळावर टेकवला. ही त्यांची रीत. घरात नवीन काही आलं की चरबीचा अंगठा उमटलाच. फ्रिजवर आहे, टीव्हीच्या काचेवर आहे, नव्या बुटांच्या टाचेवर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या कपाळावरही होता. आता लायसन्सवर माझ्या फोटोला कपाळच नाही, नुसता पिवळा डाग आहे.

सासऱ्यांनी ते लायसन्स लांब धरून एका डोळ्यानं पाहिलं. "कागद मिळाला. छान झालं. भिंतीला लाव."

मी भिंतीला लावलं नाही. माझ्याकडे तीन वस्त्या आहेत आणि दवाखान्याला गाडी नाही. मार्चमध्ये वरच्या वस्तीवर बाळंतपण होतं. मी पिशवी घेऊन कोळशाच्या ट्रकची वाट बघत दीड तास रस्त्यावर उभी. पोचले तेव्हा बाळ बाहेर आलं होतं आणि शेजारणीनं मेंढ्या कातरायच्या कात्रीनं नाळ कापली होती. बाळ वाचलं, ते त्याचं नशीब. त्या दिवशी परत येताना मी ट्रकमध्ये रडले आणि मग ठरवलं की आता ट्रक पुरे.

असो. गुरुवारची गोष्ट. सगळे जेवायला बसलेले, मी वाडग्यांत चहा ओततेय, आणि सासरे फोनवर पुतण्याशी मोठ्यानं बोलतायत.

"एर्मेक, शनिवारी ये रे बाबा आणि गाडी घेऊन जा. दोन आठवडे झाले, दिवा गेलाय. दुरुस्त करून वापर. इथे उभी राहून गंजेल. घरात चालवणारं कोण आहे?"

माझ्या हातातलं वाडगं हातातच राहिलं. एर्मेक राजधानीत, बिश्केकला असतो. त्याच्या दारात आधीच दोन गाड्या आहेत आणि तोंडात तीन.

"मी आहे ना, बाबा," मी म्हटलं.

सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता हात थांबवला. सुनेनं मध्ये बोलायचं नसतं, आणि सासऱ्यांच्या फोनमध्ये तर मुळीच नाही.

सासऱ्यांनी फोन कानापासून दूर केला. "तू काय?"

"चालवणारी. आणि तो दिवापण मी बदलते. बल्बच तर गेलाय."

"बल्बच तर!" ते फोनला म्हणाले, "ऐकलंस? ही म्हणते बल्बच तर." मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, ज्याला नाल ठोकता येत नाही, त्यानं खोगीर मागू नये."

"आणि ठोकून दाखवला तर?"

फोनमधून एर्मेक खदाखदा हसत होता. ते हसणं सासऱ्यांनाही आवडलं नसावं. त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट केली.

"शनिवारी बारापर्यंत. दिवा लागला तर किल्ली तुझी. नाही लागला तर एर्मेकची, आणि मग चुलीपाशी कुरकुर ऐकायची नाही मला."

"घोडामैदान जवळच आहे," मी म्हटलं आणि सगळ्यांची वाडगी भरली.

शुक्रवारी दवाखाना सुटल्यावर मी कोच्कोरच्या बाजारात गेले. सुट्या भागांच्या गल्लीत एक बाई बसते, बोटात सिगारेट, अंगात नवऱ्याचा कोट. गाडी कोणती ते मी सांगितलं, तिनं ऐकताक्षणी डबी काढली.

"जोडीनं ने. एक गेला की दुसरा त्याच्यामागे जातो, म्हाताऱ्या जोडप्यासारखा. आणि ऐक, काचेला बोट लावू नकोस. बोटाचा तेलकटपणासुद्धा सहन होत नाही त्याला. तापला की तिथेच फुटतो. चुकून लागलंच बोट, तर स्पिरिटनं पूस."

"स्पिरिट माझ्याकडे लिटरनं आहे," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी अंगणात पांढरं दंव पडलेलं. मी नमदा काढला, बॉनेट उघडलं आणि बाहीवर रबरी हातमोजे चढवले. सासरे बादली उपडी घालून तिच्यावर बसले, दाढेखाली तंबाखू ठेवला आणि पाय पसरून बघायला लागले. आमच्याकडे घोड्यांची शर्यत बघायला लोक असेच बसतात.

मी आत डोकावले. डाव्या हेडलाइटच्या मागे बॅटरी. बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटांची फट. दिव्याची पाठ दिसतच नाही, हात घालून चाचपायचं.

"का गं, दिसत नाही का?" सासरे म्हणाले. "मलाही दिसलं नाही. आणि माझा हात तर मनगटाच्या पुढे जात नाही."

म्हणजे म्हाताऱ्यानं आधी करून पाहिलं होतं तर! दोन आठवडे बोलला नव्हता.

"बाबा, तुमचा हात म्हणजे फावडं आहे."

"फावड्यानंच तुझ्या नवऱ्याला मोठं केलंय."

मी हात आत घातला. पहिल्यांदा तीन तारांचं चौकोनी टोपण हाताला लागलं. ते डावी-उजवीकडे हलवत हलवत ओढलं, निघालं. त्याच्या मागे रबराची टोपी, दिव्यात धूळपाणी जाऊ नये म्हणून बसवलेली. ती थंडीनं नुसती दगड झाली होती. ओढून ओढून माझी बोटं सुन्न झाली. मग मी दवाखान्याची गरम पाण्याची पिशवी आणली आणि त्या फटीत कोंबून ठेवली.

"गाडीला ताप आलाय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"थंडी वाजतेय तिला. तुमचा नमदा पुरला नाही."

रबर मऊ पडलं, टोपी निघाली. मग तारेची क्लिप, आणि मग जुना बल्ब माझ्या तळहातावर आला. आतली तार तुटलेली, काच आतून काळी. मी तो सासऱ्यांना नेऊन दाखवला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, आत किणकिण वाजलं, आणि त्यांनी तो हळूच खिशात टाकला. म्हातारा काही टाकून देत नाही.

मी नवा बल्ब स्पिरिटच्या कापसानं पुसला, दवाखान्याच्या स्टीलच्या ट्रेमध्ये कोऱ्या कापसावर ठेवला, ट्रे मडगार्डवर ठेवला आणि थंड झालेली पिशवी पुन्हा भरायला आत गेले. रबराची टोपी परत बसवताना लागणार होती. आत चुलीवर सासूबाई बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. निदान मी आत शिरले तेव्हा कढईपाशी होत्या. पाणी उकळल्यावर मी वळून पाहिलं तर कढई एकटीच.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी बाहेर आले तेव्हा सासरे गोठ्यामागे तंबाखू थुंकून बादलीवर परत येत होते. मी बल्ब त्याच्या धातूच्या बुडाला धरून उचलला आणि आत घातला. बल्बच्या कडेला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर. क्लिप बसली. टोपी बसली. तारांचं टोपण बसलं. गाडीचं तोंड मेंढ्यांच्या गोठ्याकडे होतं. मी गोठ्याचं दार सताड उघडलं, कारण आत दिवसाही अंधार असतो आणि उजेडाची परीक्षा अंधारातच घ्यावी लागते.

"बाबा, किल्ली."

त्यांनी किल्ली दिली, म्हणजे दोन बोटांत धरून लांबवली. मी आत बसले, किल्ली फिरवली आणि दिवे लावले.

गोठा उजळला. दोन गोल उजेड आणि त्यात पंचवीस-तीस मेंढ्यांचे हिरवे डोळे. सासरे बादलीवरून उठले. मी गाडीतून उतरले आणि हातमोजे काढून टाकले. किती वाजले होते? सव्वाअकरा. पाऊण तास शिल्लक! माझ्या अंगात असा काही जोर आला, की वाटलं आत्ता ओरडावं, डोंगरापलीकडे नवऱ्याला ऐकू जाईल असं.

तेवढ्यात वास आला.

भाजलेल्या मेंढीच्या शेपटाचा वास. खमंग, ओळखीचा, लग्नाकार्यातला. मी चुलीकडे पाहिलं. पण वास चुलीकडून नव्हता. डाव्या हेडलाइटच्या आत निळसर धूर फिरत होता.

'टक्' असा बारीकसा आवाज झाला. उजवीकडच्या मेंढ्या उजेडात राहिल्या, डावीकडच्या पुन्हा अंधारात गेल्या.

आणि नेमका त्याच वेळी फाटक वाजलं. एर्मेक, काळा चष्मा, टोकदार बूट. बिश्केकच्या सवारी गाडीनं आला होता, कारण जाताना आपल्या गाडीनं जाणार होता.

"वा, काकू!" तो नाक वर करून म्हणाला. "मी येणार म्हणून शेपूट भाजलंत? किती ते प्रेम!"

सासऱ्यांनी वाकून गाडीत हात घातला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली. रागावले असते तरी मला चाललं असतं. त्यांनी फक्त मान हलवली.

"झालं, सूनबाई. तू केलंस तेवढं खूप केलंस."

मी बॉनेटपाशी गेले. बल्ब निवेपर्यंत थांबले आणि पुन्हा हात घालून बाहेर काढला. काच फुटून अर्धी उडाली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर फोड आलेला आणि त्या फोडावर काळा, करपलेला, स्पष्ट अंगठा. सरकारी कागदावर उठवतात तसा. तो माझा नव्हता. तो अंगठा मी फ्रिजवर रोज बघते.

मी वर पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. नवी वस्तू घरात आली, तिचं भलं व्हावं म्हणून चांगल्यातली चरबी लावली, आणि मी आत असताना लावली, कारण मला बरं वाटावं म्हणून गुपचूप करायचं होतं. मला त्यांचा संताप आला आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम.

"बाबा, चूक माझी," मी म्हटलं. "काच नीट पुसली गेली नव्हती."

"बघा!" एर्मेक म्हणाला. "वहिनी, सुया टोचणं वेगळं, गाडी वेगळी."

"गप रे तू," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्यानं, की गोठ्यातल्या मेंढ्या मागे सरल्या. "आणि पोरी, तूही माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तिनं पुसली होती. लख्ख पुसली होती. मी लावला अंगठा."

सासरे वळले. "तू? तू कशाला मध्ये हात घातलास?"

"ट्रॅक्टरला लावला तेव्हा नाही विचारलंस ते! एकतीस वर्षं चालला तो. तेव्हा बरा होता माझा अंगठा?"

सासरे टोपी चाचपू लागले. ट्रॅक्टरपुढे त्यांचं काही चालत नाही.

"म्हणून म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हातानं दिवा लागला होता. मी विझवला. हा धरायचा नाही. हिच्याकडे अजून एक आहे आणि बारा वाजायचे आहेत."

त्या बाजारातल्या बाईचं भलं होवो. जोडीतला दुसरा डबीत सुखरूप होता.

एर्मेकनं चष्मा कपाळावर चढवला. "काका, कशाला वेळ घालवताय? एका बल्बसाठी एवढं? द्या इकडे, मी लावतो दोन मिनिटांत." आणि त्यानं डबीकडे हात पुढे केला. मी डबी पाठीमागे नेली.

"आधी हात तर घालून दाखव भाऊजी. दिवा आत कुठे आहे ते शोध. मग डबी."

त्यानं बाही वर केली, घड्याळासकट हात फटीत घातला. मनगटापर्यंत गेला. मग पुढे जाईना. मग मागेही येईना. त्याच्या घड्याळाचा पट्टा कशात तरी अडकला होता. तो वाकला, वळला, एका पायावर उभा राहिला. सासूबाईंनी तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरलं. शेवटी मी माझ्या बारीक हातानं पट्टा सोडवला, तेव्हा त्याची सुटका झाली. मनगटावर ग्रीसची काळी बांगडी उमटली होती.

"ही गाडीच वेडीवाकडी बांधलीय," तो म्हणाला. "बॅटरी काढावी लागणार, अख्खं तोंड खोलावं लागणार. वर्कशॉपचं काम आहे. काका, मी तशीच नेतो."

"एका डोळ्यानं? तिठ्यावरच्या चौकीत धरतील. दिवसासुद्धा दोन्ही दिवे लागतात," सासरे म्हणाले.

"मग सोमवारी माणूस घेऊन येतो."

"बाराला अजून वीस मिनिटं आहेत," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच होता. चढू दे.

मी नवे हातमोजे चढवले. दुसरा बल्ब धातूला धरून स्पिरिटनं पुसला, एकदा, दोनदा, तीनदा. उजेडात धरून पाहिला. आणि वळले तर दोन पावलांवर सासूबाई उभ्या, वाटी हातात, अंगठा चरबीत बुडवलेला.

"पोरी, रागावू नकोस," त्या हळू म्हणाल्या. "लावणार नाही मी. पण नवी वस्तू आणि आशीर्वादाशिवाय? माझ्यानं नाही होत. छातीत कसंतरी होतं. कुठे लावू सांग. पत्र्याला लावू? चाकाला?"

एर्मेकनं डोळे फिरवले. सासरे खाली बघत होते. मला हे असं काही सुचेल असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण त्या बाईचा चेहरा बघून ते आपोआप आलं.

"मला लावा, आई. दिव्याला काय कळतंय? चालवणार मी आहे. मला लावा."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढे आल्या आणि त्यांनी अंगठा माझ्या कपाळावरून या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत फिरवला. सढळ हातानं. भुवईवर ओघळ आला.

"तुझा रस्ता मऊ असो," त्या म्हणाल्या. "तू जाशील तिथे लोकांनी दार उघडून वाट बघावी. तुझ्या गाडीत बसेल तो बरा होऊन उतरावा. ओमीन."

आशीर्वाद झाला की सगळ्यांनी 'ओमीन', म्हणजे तसंच होवो, म्हणत दोन्ही तळहात तोंडावरून फिरवायचे. कुणी दिला, कुणाला दिला, हे बघायचं नसतं. एर्मेकनं काळ्या मनगटाचे हात तोंडावरून फिरवले, न फिरवून सांगतो कुणाला? मी सासऱ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी मुठीतली किल्ली खिशात टाकली, ते फावड्यासारखे दोन्ही हात वर केले आणि तोंडावरून खाली आणले. "ओमीन."

मी हात फटीत घातला आणि डोळे मिटले.

आता एक सांगते. चार महिन्यांच्या बाळाची शीर डोळ्यांना दिसत नाही. गुबगुबीत हात, रडून लाल, आई हुंदके देतेय. तिथे डोळे काही कामाचे नसतात. बोटाचं टोक ठेवायचं आणि थांबायचं. थोड्या वेळानं बोटाला कळतं, ही इथे आहे. नऊ वर्षं मी तेच करतेय. मला बॅटरीमागचं भोक शोधायला डोळे कशाला हवेत?

रुंद कान वर. खाच लागली. जरा तिरका होता, काढला, पुन्हा घातला. बल्ब घरात बसला की हाताला कळतं, तसा तो बसला. तारेची क्लिप एकदा निसटली, बोटाला टोचली, दुसऱ्यांदा अडकली. रबराची टोपी गरम पिशवीनं मऊ केलेली, सगळ्या कडेनं दाबून घेतली. तीन तारांचं टोपण आत ढकललं.

"बाबा, किल्ली."

या वेळी त्यांनी दोन बोटांत धरून दिली नाही. तळहातावर ठेवून पुढे केली.

दिवे लागले आणि मेंढ्यांचे हिरवे डोळे दोन्हीकडे चमकले. सासरे गाडीला वळसा घालून गोठ्यात गेले, मेंढ्या बाजूला सारून मधोमध उभे राहिले आणि तोंड दिव्यांकडे केलं. एक दिवा त्यांच्या बऱ्या डोळ्यासमोर, एक पांढऱ्या डोळ्यासमोर.

"बंद करू नकोस," ते म्हणाले. "थांब."

आम्ही थांबलो. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली, कपाळावरची चरबी भुवईतून डोळ्यात उतरतेय, आणि नाक सारखं वास घेतंय. पाच मिनिटं. सासूबाईंनी अंगठा मुठीत लपवला होता. सात मिनिटं. एर्मेकनं घड्याळ पाहिलं, काच ग्रीसनं भरलेली, त्याला काही दिसलं नाही. दहा मिनिटं. धूर नाही, वास नाही. दिवा तसाच.

सासऱ्यांनी डावा हात वर करून बरा डोळा झाकला आणि फक्त पांढऱ्या डोळ्यानं डाव्या दिव्याकडे पाहिलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

"दिसतोय," ते म्हणाले. "मला या डोळ्यानंही दिसतोय."

मग मी ओरडले. मेंढ्या चौफेर उधळल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं आणि सासूबाईंनी गाडीच्या दारातूनच मला मिठी मारली, वाटीतली उरलेली चरबी माझ्या कोटावर सांडली. सांडू दे. बारा वाजायला दोन मिनिटं कमी होती.

आत जाऊन चहा झाला. आमच्याकडे पाहुण्याला वाडगं अर्धंच भरून देतात, म्हणजे त्यानं पुन्हा मागावा, आणखी बसावं. सासूबाईंनी एर्मेकचं वाडगं काठोकाठ भरलं आणि अगदी गोड हसून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते पाहिलं, दोन बोर्सोक खाल्ले आणि उठला.

"जातो मी. पण जाऊ कशानं? सवारी गाडी तर संध्याकाळी."

"भाऊजी, मी सोडते ना तिठ्यापर्यंत," मी म्हटलं. "गाडी आहे आपल्याकडे."

त्याला नाही म्हणता येईना. तो मागे बसला. सासूबाई त्याच्याशेजारी, मांडीवर बोर्सोकांचा डबा. सासरे माझ्या बाजूला, टोपी नीट करून, दोन्ही हात गुडघ्यांवर. फाटकातून बाहेर पडताना त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी रुतला, तिथे ब्रेक असल्यासारखा. पहिल्या वळणावर "हळू" म्हणाले, दुसऱ्यावर "हं" म्हणाले, तिसऱ्यावर काहीच म्हणाले नाहीत.

तिठ्यावर पोलिसानं काठी आडवी केली. तरुण होता, थंडीनं नाक लाल. त्यानं आधी दोन्ही दिवे पाहिले, मग खाली वाकला. मी लायसन्स दिलं. तो फोटो बघत राहिला, मग माझं कपाळ, मग पुन्हा फोटो. दोन्हीकडे एकाच जागी चरबी.

"ही तुम्हीच ना?"

"कपाळावरून ओळखलंत की," मी म्हटलं.

तो हसला आणि गाडीचे कागद उलगडले. "गाडी कुणाची?"

मागे एर्मेक घसा साफ करून पुढे सरकला, बिश्केकमधल्या लोकांना पोलिसांशी बोलायची हौस असते. पण सासऱ्यांनी माझ्या अंगावरून बाहेर वाकून, सगळ्या तिठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"जिपारची."

"कागदावर तर तुमचं नाव आहे, बाबा."

"कागदाला काय कळतंय? दिवा तिनं लावलाय." मग ते सरळ बसले, टोपी घट्ट केली आणि पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "चल गं जिपार. एर्मेकला इथे उतरव आणि वरच्या वस्तीकडे घे. त्या मार्चमधल्या बाळाला बघून येऊ."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते चरबीवर ढकललं. मग पहिला गियर टाकला.